भाठातुळशीच्या मंजिऱ्या

नागपूर, १२ सप्टेंबर २००६

प्रिय आत्या,

फोनवर मी नागपुरातून ओरडते, तू रायपुरातून "काय? काय?" करतेस आणि शेवटी सुशीलदादा फोन काढून घेतो, "दोघी जेवल्या, दोघी बऱ्या आहेत" असं जाहीर करतो आणि ठेवून देतो. त्यापेक्षा पत्र बरं. शिवाय मला जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

बाबा तसेच आहेत. उजवा हात अजून उचलत नाही, पण बोलणं सुधारलंय. काल नर्सबाईंना म्हणाले, "वहिनी, चहात साखर घालायची असते, दया नाही." त्यांना सोडून मला एक रात्रही कुठे राहता येत नाही, म्हणून तुला कामाला लावते आहे.

आमच्या कॉलेजात वाळवून कागदावर चिकटवलेल्या जुन्या झाडांचं एक कपाट आहे. ते आवरताना मला एक रानटी सेज सापडली. सेज म्हणजे तुळशीच्याच कुळातलं झाड. हिच्या परदेशातल्या बहिणी स्वयंपाकघरात शिरल्या, ही आपली रानात राहिली आणि हळूहळू दिसेनाशी झाली. कित्येक वर्षांत कुणी तिला जिवंत पाहिलेलं नाही. आमचे सर म्हणतात, आता ती कागदावरच उरली. कागदाच्या कोपऱ्यात मात्र जागा लिहिली आहे: रायपूरहून धमतरीला जाणाऱ्या छोट्या लाईनीच्या पूर्वेला, अभनपूरच्या अलीकडे, मुरुमाची टेकडी.

आतोबा त्या लाईनीवर गार्ड होते ना? तुला टेकडी आठवते का? त्याच बाजूला आता नवी राजधानी बांधायला घेतली आहे असं पेपरात वाचलं, म्हणून घाई करते आहे. दिवाळीच्या सुमारास ती फुलते. गुडघ्याएवढं झाड, चौकोनी काडी, मखमली पान, मजल्यामजल्याने निळी फुलं. दादाला सुट्टी असेल तेव्हा एकदा बघून येशील? नसलं तर नाही म्हणून कळव, म्हणजे माझ्या डोक्यातला किडा तरी जाईल.

तुझी
शमू


ब्राह्मणपारा, रायपूर
३० ऑक्टोबर २००६

लाडके शमू,

आशीर्वाद नंतर, आधी बातमी. तुझं झाड आहे. आहे म्हणजे काय, तू येऊन बघायला हवं होतंस!

तुझे आतोबा सांगायचे, दिवाळीत गार्डाच्या डब्यातून एक टेकडी निळी दिसते. मला वाटायचं, डब्यात बसून बसून माणसाला काहीही दिसायला लागतं. म्हणून मी कधी गेले नाही. काल रविवारी सुशील उरल्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आला, आंघोळ केली, चहा प्यायला, आणि मी पिशवी घेऊन दारात उभी. म्हणाला, "आई, काहून येवढ्या उन्हात हिंडाले निघून राहिली वं तू? मले झोपू दे ना." मी म्हटलं, "तुही झोप टेकडीवर काढ, मी झाड पाहते." निघाला बिचारा. त्याची पिंकीही मागे बसली, त्यामुळे स्कूटरवर आम्ही तिघं, कुणाला सांगू नकोस.

अभनपूरच्या अलीकडे रस्ता सोडला आणि मला काही ओळखू येईना. जिकडे तिकडे सपाट जमीन, फक्कीच्या पांढऱ्या रेषा, पिवळ्या पोकलेन मशिनी. टेकडीची एक बाजू चाकूने केक कापावा तशी उभी कापलेली होती. मी मनात म्हटलं, गेलं. मग आम्ही वळसा घालून पलीकडे गेलो.

शमू, तो सगळा उतार निळा होता. आकाशाचा नव्हे, कोकिळकंठी साडीचा असतो ना, तो निळा. वाऱ्याने हलला की खालून पानांची पांढरी बाजू दिसायची आणि पुन्हा निळा. मी चपला काढल्या. का काढल्या ते मला विचारू नकोस, देवळात काढतो तशा काढल्या गेल्या. लाल मुरूम पायाला टोचत होता आणि मी आपली उभी. हे माणूस चाळीस वर्षं मला खरं सांगत होतं आणि मी हसत होते, याचं फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मला रडूच आलं.

तिथला चौकीदार हिरालाल धावत आला. "का खोजत हस दाई?" म्हटलं, हे झाड. म्हणतो, "हव, ये तो भाठातुलसी आय." भाठा म्हणजे इकडे अशी मुरुमाची, काही न पिकणारी उंच जमीन. पान चुरगाळून हातावर दिलं. ओवा आणि कापूर एकत्र कुटल्यासारखा वास, अजून बोटांना आहे. मशिनी या बाजूला कधी येणार विचारलं तर त्याने खांदे उडवले. मग त्यानेच सब्बल, म्हणजे आपली पहार, आणली आणि मातीच्या गोळ्यासकट तीन झाडं मला काढून दिली. एक सुशीलच्या हेल्मेटमध्ये, एक डब्याच्या पिशवीत आणि एक पिंकीच्या ओढणीत बांधून आणलं. पिंकी वाटभर म्हणत होती, "दादी, ये तो सच्ची में तुलसी जैसी है."

गच्चीवर कुंड्यांत लावली आहेत. पुढे काय करायचं ते लिही. दादाला सांग, बहीण अजून डोंगर चढते.

तुझी आत्या


नागपूर, १० नोव्हेंबर २००६

प्रिय आत्या,

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. चपला काढल्याचं आलं तेव्हा त्यांनी डाव्या हाताने डोळे पुसले आणि म्हणाले, "वनी लहानपणापासून अशीच. पुन्हा वाच." मी तीनदा वाचलं. जे झाड संपलं म्हणून आम्ही वर्गात शिकवतो, ते तुझ्या गच्चीवर आहे! मी विभागात सगळ्यांना सांगत सुटले आहे. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि "तुमच्या आत्या रिकाम्या आहेत का?" असं विचारलं.

आता काम. टेकडीवरचं बी डिसेंबरच्या शेवटी पिकेल. तेव्हा जाऊन वाळलेले तुरे कागदी पिशवीत भरून आण. बी आपल्याला टेकडीवरचंच हवं, तिथे झाडं पुष्कळ आहेत. तोवर ती बाजू खणू नका म्हणून मी रायपूरच्या दोन कचेऱ्यांना लिहिलं आहे, सरांची सही घेऊन. कुंड्यांतल्या तिघींना फक्त जप. पाणी बेताचं घाल. तुळशीच्याच घरातली आहे, तुला काय सांगायचं?

तुझी
शमू


ब्राह्मणपारा, रायपूर
८ जानेवारी २००७

लाडके शमू,

मन घट्ट करून वाच. टेकडी नाही.

डिसेंबरच्या शेवटी म्हणालीस म्हणून मी नाताळाच्या सुट्टीत सुशीलला घेऊन गेले. जागा सापडेना. सुशील म्हणाला, "आई, आपण चुकलो वाट्टे." चुकलो नव्हतो. हिरालाल भेटला, त्याने हात करून दाखवलं तिथे गाड्या उभ्या होत्या. महिन्यापूर्वीच झालं सगळं. तुझ्या पत्राचं त्याला काही माहीत नव्हतं, त्याच्या साहेबालाही नव्हतं. मुरूम रस्त्याच्या भरावात गेला. मी वाकून वाकून पाहिलं, एक काडी नाही.

पण तू रडू नकोस, कारण माझ्या तिघी छान आहेत. छान म्हणजे अशा की शेजारच्या शर्माबाई विचारतात, खत कुठलं घालता? उरल्याच्या कारखान्यांची काळी भुकटी आमच्या गच्चीवर रोज बसते, सकाळी झाडलं की सुपलीभर निघते. मखमली पानावर ती चिकटते आणि पुसली तर पान दुखावतं. म्हणून पिंकीचा पावडरचा पफ घेतला आहे. एकेक पान हलक्या हाताने झटकते. पिंकी हसते, "दादी मेकअप कर रही है."

आणि तू सांगितल्याप्रमाणे तुळशीसारखंच जपते. सकाळी आंघोळ झाली की हळदकुंकू, पळीभर पाणी, आणि मंजिऱ्या खुडायच्या. निळा कळा दिसला की खुडला. मंजिरी डोक्यावर राहिली की तुळस वाळते हे मला आईने शिकवलं, तुझ्या आजीने. द्वादशी आणि रविवार सोडून एक दिवस चुकवला नाही, एका तुऱ्याला बी धरू दिलं नाही. बाळकृष्णाला रोज निळ्या मंजिऱ्या मिळतात, तो तर फारच खूश दिसतो. म्हणूनच त्या अशा टवटवीत आहेत. टेकडीवरच्या गेल्या, पण या तीन मी काही जाऊ देणार नाही, हे माझं वचन.

दादाची मालीश चालू ठेव.

तुझी आत्या


नागपूर, १५ जानेवारी २००७

आत्या,

मंजिऱ्या खुडू नकोस. आज, आत्ता, हे वाचलंस की थांब.

टेकडी गेल्यावर त्या तीन झाडांवरचं बी हे जगातलं शेवटचं बी होतं आणि ते तू रोज तोडून देवाला वाहिलंस. ही तुळस नाही. तुळस वर्षानुवर्षं राहते, हिचं आयुष्य एका हंगामाचं. आता फुलायचे दिवस संपले. फेब्रुवारीत ती वाळेल आणि मागे काही राहणार नाही. आत्या, तू काय केलंस? एकदा विचारायचं तरी होतंस!

शर्मिष्ठा


नागपूर, २० मे २००७

प्रिय आत्या,

चार महिने झाले, तुझं पत्र नाही. फोन केला तर दादा म्हणतो, "आई गच्चीवर आहे." रात्री केला तरी आई गच्चीवर.

मी तुला जे लिहिलं ते बाबांना दाखवलं नव्हतं. परवा त्यांनी विचारलं, वनीचं पत्र का येत नाही, तेव्हा सांगावं लागलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लहान असते तर कोपऱ्यात जाऊन उभी राहिले असते. म्हणाले, "तिनं चढून आणली, तिनं लावली. तू खुर्चीत बसून काय केलंस? 'तुला काय सांगायचं' असं लिहिलंस. सांगायचं होतं ना."

खरंच आहे ते. बी धरू दे, एवढी एक ओळ मला लिहायला हवी होती. झाडं कधीच वाळली असतील, त्यांच्याबद्दल मी आता काही विचारत नाही. तू बोल, एवढंच.

तुझी
शमू


ब्राह्मणपारा, रायपूर
६ जून २००७

चि. शर्मिष्ठास,

पत्र मिळालं. मी बोलत नव्हते कारण मला कामं होती.

वाळली असतील म्हणतेस. कशाला वाळतील? तिन्ही आहेत. तू फेब्रुवारीची तारीख दिली होतीस, मी फेब्रुवारीभर रोज सकाळी जीव मुठीत धरून गच्चीवर गेले. महाशिवरात्र गेली, होळी गेली. त्या हिरव्याच. खुडू नकोस म्हणालीस त्याच दिवशी थांबले, पण नवा तुरा काही आला नाही, नुसती पानं येत राहिली. मग ऊन वाढलं. आमच्याकडचं ऊन तुला ठाऊक आहे, नागपूरपेक्षा कमी म्हणवून घेत नाही. नवतपा, मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, लागला तेव्हा गच्चीवर पाय ठेववेना. मी कुंड्या कूलरच्या स्टँडखाली सरकवल्या, भोवती ओली पोती टांगली, खसची जुनी ताटी तिरकी लावली आणि दुपारी दर थोड्या वेळाने पोत्यांवर पाणी मारत बसले. सुशील ओरडला, "आई, तुले लू लागन ना! झाडासाठी मरतं का?" मी म्हटलं, "माह्या हातून झालेलं मीच निस्तरीन." दुसऱ्या दिवशी कारखान्यातून एक हिरवी जाळी घेऊन आला आणि वर बांधून गेला.

तुझ्या पत्राने मला फार लागलं. देवाला वाहिलंस असं लिहिलंस ते जास्त. मी ते झाड मारायला वाहत नव्हते. पण दादा म्हणाला तेही खरं आणि तू लिहिलंस तेही खरं, आणि सत्तरीला आलेल्या बाईने भाचीशी किती दिवस अबोला धरायचा? मला एक सांग. एका हंगामाचं आयुष्य म्हणालीस ना? मग या कशा जिवंत आहेत?

आत्या


नागपूर, १३ जून २००७

प्रिय प्रिय आत्या,

पत्र उभ्यानेच वाचलं. मग सरांकडे धावत गेले. त्यांनीही दोनदा वाचलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. हे झाड बी देण्यासाठी जगतं. बी तयार झालं की त्याला वाटतं आपलं काम झालं, आणि ते अंगातलं सगळं बियांच्या स्वाधीन करून वाळतं. तू रोज मंजिरी खुडलीस, म्हणून त्याचं काम कधी झालंच नाही. ते थांबलं. पुढच्या हंगामाची वाट बघत उन्हाळा काढतंय. टेकडीवरच्या सगळ्या जणी आपलं वय झालं म्हणून गेल्या असत्या, मशिनी आल्या नसत्या तरी. तुझ्या तिघींना तू म्हातारं होऊच दिलं नाहीस!

ज्या हातावर मी चिडले त्याच हाताने त्यांना वाचवलं आहे. हे माझ्या कुठल्या पुस्तकात नाही, आणि असतं तरी रायपूरच्या जूनमध्ये कुणी करून पाहिलं नसतं. मला तुझ्या पाया पडायचंय.

पाऊस सुरू झाला की प्रत्येकीची एकेक फांदी ओल्या कापडात गुंडाळून कुरिअरने पाठव. इथे लावून बघते. फांदीला मुळं फुटली तर प्रश्नच मिटला. आणि पावसात कुंड्या छपराखाली घे, पाणी साचलं की मुळं कुजतील.

तुझी
शमू


नागपूर, ९ सप्टेंबर २००७

प्रिय आत्या,

फांद्या सगळ्या कुजल्या. दुसऱ्यांदा पाठवल्यास त्याही. आता मला जे लिहायचंय ते लिहायला मी आठवडाभर टाळाटाळ केली.

बियांवाचून वाट नाही. ऑक्टोबरात तुझ्या तिघी पुन्हा कळे धरतील. या वेळी त्यांना फुलू दे, मधमाश्या येऊ देत, बी धरू दे. बाबांचे जुने मित्र बाबाराव अभनपूरकडे राहतात, त्यांनी आपला मुरुमाचा पडीक तुकडा न नांगरता ठेवायचं कबूल केलंय. बी तिथे पेरता येईल.

बी धरलं की त्या जातील, आत्या. हे या वेळी मी आधी सांगते आहे.

शमू


ब्राह्मणपारा, रायपूर
१ ऑक्टोबर २००७

शमू,

मला हे जमणार नाही.

तुझं म्हणणं कळलं. डोक्यात शिरतं, हातात उतरत नाही. वर्षभर मी त्यांना पफने पुसलं, पोत्याआड ठेवलं, पावसात रात्री उठून छपराखाली ओढलं. सकाळी मी जिन्यातून वर आले की तिघी माझ्याकडे बघतात असं मला वाटतं. हसायचं तर हस. यांना मरायला मोकळं सोड असं तू म्हणतेस. त्या उन्हाळा काढतात ना? मग मी खुडत राहीन आणि त्या जगत राहतील. मी आहे तोवर राहतील. परवा पहिले कळे आले, खुडले.

आत्या


नागपूर, ८ ऑक्टोबर २००७

प्रिय आत्या,

ठीक आहे. झाडं तुझी आहेत, तू जगवलीस. मी पुन्हा म्हणणार नाही आणि रागावणारही नाही. बाबा म्हणतात, वनीला काही सांगायला जाऊ नये, तिला बघू द्यावं. दिवाळीचा फराळ दादाच्या मित्राबरोबर पाठवते.

तुझी
शमू


ब्राह्मणपारा, रायपूर
३ मार्च २००८

लाडके शमू,

इतके दिवस लिहिलं नाही कारण मधे लिहिलं असतं तर धीर सुटला असता. आता सगळं एकदम सांगते.

दिवाळी झाल्यावरची गोष्ट. मी रोज खुडतच होते. पण रविवारी तुळस खुडत नाहीत, आणि मी या तिघींनाही तोच नियम लावलेला, त्यामुळे रविवारी काही फुलं उमलली. सोमवारी सकाळी मी खुडायला हात पुढे केला. बोटांत तुरा धरला, आणि एक माशी आली. निळ्या पट्ट्यांची, गोंडस, माझ्या हाताची तिला काही फिकीर नव्हती. ती फुलात डोकं घालून आत शिरली आणि शमू, त्या फुलाने मान खाली केली! वरच्या पाकळीच्या आतून दोन बारीक दांडे खाली आले, माशीच्या पाठीवर टेकले, पिवळी पूड लावली आणि ती मागे सरकली तसे पुन्हा वर जाऊन लपले. लग्नात दारात आलेल्यांना अत्तर लावतात, अगदी तसं. माशी पुढच्या फुलात गेली. तिथेही तेच.

माझा हात तिथेच राहिला. वर्षभर मी ही झाडं रोज पाहिली आणि उमललेलं फूल एकदाही धडपणे पाहिलं नव्हतं. पाहणार कसं? उमलायच्या आत खुडत होते. इतकं जपून मी काय जपत होते?

माशी गेल्यावर मी झाडूची काडी घेऊन फुलात हळूच घातली. पुन्हा दांडे खाली आले. पिंकीला बोलावलं, तिने तिच्या शाळेच्या प्रोजेक्टचं भिंग आणलं. "दादी, फिर से करो! फिर से!" शेजारच्या शर्माबाई आल्या, त्यांनाही दाखवलं, त्या हात जोडून उभ्या राहिल्या. सुशील पाळी करून आला. दिवसभर मशिनींत राबणारा माणूस, तो भिंगातून बघत उकिडवा बसला तो उठेचना. शेवटी म्हणाला, "आई, याले तेलबी लागत नाही वं." आणि मग हळूच म्हणाला, "आता नको खुडू."

त्या दिवसापासून मी खुडलं नाही. फुलं आली ती काय वर्णावी! मजल्यावर मजला, सगळ्या कुंड्या निळ्या झाल्या. ब्राह्मणपाऱ्यात एवढ्या माश्या होत्या हे मला माहीत नव्हतं. कुठल्या छपराखालून, कुठल्या देवळाच्या फटीतून येत होत्या कोण जाणे. मी पाट टाकून सकाळभर बसायची. एवढ्याशा फुलाला ही करामत कुणी शिकवली, आणि माणूस बघत नसताना, ओसाड भाठ्यावर, किती काळापासून हे असं चाललं असेल, याचा विचार करून मला भीती वाटायची आणि हातही जोडावेसे वाटायचे. टेकडीवर चपला काढल्या तेव्हा मला वाटलं होतं मी सगळं पाहिलं. काही पाहिलं नव्हतं.

संक्रांतीनंतर खालची पानं पिवळी पडली. तू आधी सांगितलं होतंस तरी मी पाणी वाढवून पाहिलं, एकदाच. मग थांबले. आधी पिंकीच्या ओढणीतली गेली, मग डब्याच्या पिशवीतली. हेल्मेटमधली आठवडाभर रेंगाळली. मी रडले, खोटं कशाला सांगू? सुशील जवळ येऊन बसला. त्याने विचारलं, "पाणी देऊ का?" मी म्हटलं, "नको. तिचं चाललंय ते होऊ दे."

मग वाळलेल्या तुऱ्यातली, फुलाच्या बुडाशी असते ती एक वाटी मी तळहातावर उलटी केली. आत चार बिया. दुसरी उलटी केली, चार. कुठे तीन, बहुतेक चार. मोहरीहून लहान, काळ्या, गुळगुळीत. एक बी पाण्याच्या थेंबात ठेवून पाहिलं, तर बघता बघता तिने आपल्याभोवती पाण्याची गादी करून घेतली, सब्जाचं बी फुगतं तशी, आणि मधे आपली बसून राहिली. मी तिला पोतं बांधलं नव्हतं, पफ लावला नव्हता. तिला सगळं येत होतं. तो थेंब मी किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक, दूध उतू गेलं.

सगळं बी या पाकिटात आहे. थेंबातलीसुद्धा वाळवून घातली आहे. सुशील म्हणाला, "आई, एक तरी ठेव ना तुह्यासाठी." मी म्हटलं, "नाही रे बापा. मले माह्या हाताचा भरवसा नाही." ठेवली तर मी लावीन, लावली तर जपीन, आणि माझं जपणं तुला माहीत आहे. बाबारावांच्या मुरुमात जाऊ दे त्यांना, उन्हात, गुराढोरांत. उगवल्या की मला बोलाव. मी लांब उभी राहून बघेन, हात मागे बांधून.

दादाला नमस्कार.

तुझी आत्या

ता. क. पाकीट उघडायच्या आधी पंखा बंद कर.